लहान लॅबमधला मशीनचा आवाज: कोणतं काम आधी, कोणतं शेवटी

तालुक्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब घ्या, जालन्याच्या एखाद्या बियाणे कंपनीची उगवणशक्ती तपासायची खोली घ्या, नाहीतर कॉलेजातली माती-पाणी परीक्षणाची मागची खोली. मांडणी साधारण एकच असते. दहा बाय बाराची जागा, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूला कडप्प्याचा ओटा. त्यावर नमुन्याच्या ट्यूब गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज, शेजारी फ्रिज, ओट्याखाली कॉम्प्रेसर किंवा व्हॅक्यूम पंप, कोपऱ्यात यूपीएस आणि खिडकीत कूलर. मऊ म्हणावी अशी एकही वस्तू खोलीत नाही. सगळं पुसून काढता यावं म्हणून आपणच ती तशी केलेली असते, आणि त्यात चूकही काही नाही. फक्त अशा खोलीत आवाज मरत नाही, भिंतींवर आपटत फिरत राहतो.

याचा त्रास कानापेक्षा आधी कामाला होतो. सेंट्रिफ्यूज चालू असताना काउंटरवरून कुणी नमुन्याचा नंबर ओरडून सांगितला, तर तो सत्तावीस होता की सदतीस, हे नक्की कळत नाही. फोनवर डॉक्टरांना रिपोर्ट सांगताना आकडा दोनदा सांगावा लागतो. दुपारी चारनंतर टेक्निशियन उगाच चिडचिड करतो, त्यातला निम्मा वाटा या भणभणीचा असतो असं माझं मत आहे.

मी लॅबची उपकरणं दुरुस्त करत मराठवाडाभर फिरतो. आवाजाची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी भिंतीला फोम आधीच चिकटलेला असतो आणि आवाज होता तसाच असतो. फोम हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: आवाज कोंडायला जाल तर उष्णताही कोंडली जाते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असतो. पुण्या-बंगळुरूच्या लॅबसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लावला, तर आवाज कमी होईल आणि मोटर जळेल. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत फारसा खर्च नाही, आणि बऱ्याच लॅबचं काम तिथेच भागतं.

पायरी १: आरोपी शोधा

सकाळी लवकर, रस्ता शांत असताना लॅबमध्ये या. शक्य तेवढी सगळी मशीन बंद करा. फ्रिज बंद ठेवायचा तर दार न उघडता दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मोबाइलवर आवाज मोजायचं कुठलंही ॲप घ्या. मोबाइलचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण आपल्याला फरक हवा आहे. त्यामुळे फोन तोच, ॲप तेच आणि फोन ठेवायची जागाही तीच पाहिजे. टेक्निशियन जिथे बसतो, त्या खुर्चीजवळ कानाच्या उंचीवर फोन धरा. आता एकेक मशीन चालू करा, आकडा लिहा, बंद करा, दुसरं लावा. शेवटी सगळी एकदम लावून आकडा घ्या.

हा कागद जपून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर त्याच जागी पुन्हा मोजायचं आहे, नाहीतर नुसतं 'कमी झाल्यासारखं वाटतंय' एवढंच हाती राहतं.

आकडे वाचताना डेसिबलचा हिशेब लक्षात असू द्या, कारण तो साध्या बेरजेसारखा नाही. ७० डेसिबलची दोन मशीन एकत्र चालली तर १४० होत नाहीत, ७३ होतात. ७० आणि ६० ची एकत्र चालली तर जेमतेम ७०.४. म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचं मशीन तसंच ठेवून बाकीच्या चारांवर कितीही मेहनत घेतली, तरी आकडा हलणार नाही. आणि साधारण १० डेसिबल कमी झाले, तर माणसाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. तीन-चार डेसिबलचा फरक कानाला कळतो, पण कुणी उठून अभिनंदन करणार नाही.

ॲपमध्ये 'ए' आणि 'सी' अशा दोन पद्धती असतील तर दोन्ही आकडे लिहा. 'ए' पद्धत माणसाच्या कानासारखी खालचे सूर कमी धरते. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा बराच वर असेल, तर खोलीत जड घुमणारा आवाज आहे: कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर, पंखा. त्यावर फोम जवळजवळ काहीच करत नाही. हे आधीच कळलं तर पैसे वाचतात.

आता आवाज हवेतून येतोय की ओट्यातून, ते बघा. स्टीलच्या वाटीत पाणी घ्या, ओट्यावर ठेवा आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडेल असं बघा. मशीन सुरू होताच प्रतिबिंब थरथरायला लागलं, तर कंपन ओट्यात उतरतंय आणि अख्खा कडप्पा स्पीकरच्या पडद्यासारखा वाजतोय. लॅबमध्ये चार दशांशाचा तराजू असेल तर वाटीचीही गरज नाही. कॉम्प्रेसर लागला की शेवटचा अंक नाचायला लागतो.

आतला आवाज नेमका कुठून येतोय हे शोधायला गॅरेजवाले स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लावतात. तुमच्याकडे स्टेथोस्कोप असेल तर तोच वापरा. मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर फिरवायचा, फिरत्या भागाजवळ हात न्यायचा नाही.

पायरी २: मशीनला तिथल्या तिथे शांत करा

सेंट्रिफ्यूजपासून सुरू करतो, कारण पॅथॉलॉजी लॅबमध्ये तक्रार बहुधा त्याचीच असते. "सर, मशीन लईच बोंबलायलंय," असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो: समोरासमोरच्या ट्यूब वजनाने सारख्या ठेवता की नुसती पातळी बघून? पातळी सारखी दिसली तरी वजन सारखं असेलच असं नाही. एक ट्यूब काचेची, समोरची प्लास्टिकची, एकीला बूच, दुसरीला नाही, असं सर्रास चालतं. नमुने विषम संख्येत असले तर पाणी भरलेली, तेवढ्याच वजनाची ट्यूब समोर लावा. ट्यूब ज्यात बसते त्या बकेटच्या तळाशी रबराच्या गाद्या असतात. त्यातली एखादी हरवलेली किंवा दोन एकावर एक बसलेल्या असतात. हे सगळं सरळ केल्यावर निम्म्या मशीनची खडखड तिथेच थांबते.

दुसरा प्रश्न वेगाचा. सवय म्हणून ४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, लावणारे खूप आहेत. खरं काम आरपीएम करत नाही, गुरुत्वाच्या किती पट जोर मिळतो ते करतं. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला (ट्यूब धरून फिरणाऱ्या भागाला) ३००० वर साधारण १५०० पट जोर मिळतो आणि ४००० वर जवळजवळ २७०० पट. ट्यूब बनवणाऱ्या कंपनीने पाकिटावर किंवा माहितीपत्रकात किती पट आणि किती मिनिटं लिहिलंय ते बघा आणि तेवढंच लावा. जास्त वेगाने रिपोर्ट चांगला येत नाही. उलट पेशी फुटायची भीती असते, आणि वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो.

तिसरी गोष्ट आतली. मोटर ज्या रबरी बुशांवर बसवलेली असते, ती बुशं आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही वर्षांत कडक होतात, तडकतात. मशीन सुरू होताना आणि थांबताना मध्येच एकदा जोरात थरथरतं आणि मग शांत होतं, ही नेहमीची गोष्ट आहे. पण ती थरथर आधीपेक्षा वाढली असेल तर बुशं बदलायची वेळ झाली. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ब्रश झिजले की खरखर येते आणि काळी पूड पडते. ही दोन्ही कामं ज्याला येतात त्याच्याकडूनच करून घ्या. झाकण उघडं ठेवून, सेफ्टी स्विच बायपास करून 'ऐकून बघू' असं अजिबात करायचं नाही.

फ्रिजचं काम सोपं आहे. तो लेव्हलमध्ये हवा, मागची जाळी भिंतीला टेकलेली नको, वर ठेवलेल्या रिकाम्या ट्रे आणि फाइल्स काढून टाका. मागे वीतभर जागा सोडा आणि जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. धूळ बसली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. तूर-कापसाच्या हंगामात ही जाळी महिन्याभरात भरते.

एअर कॉम्प्रेसरच्या बाबतीत तो किती जोरात वाजतो यापेक्षा किती वेळ वाजतो हे आधी बघा. हवा कुणी घेत नसताना तो दर काही मिनिटांनी लागत असेल, तर लाइनमध्ये गळती आहे. साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावा, बुडबुडे दिसतील. उपकरणाला चार बार पुरत असताना टाकी आठवर भरायची गरज नाही. प्रेशर स्विच खाली आणून घ्या, मात्र उपकरणाच्या पुस्तिकेतला किमान आकडा बघून. पिस्टनच्या कॉम्प्रेसरचा मोठा आवाज हवा आत ओढण्याच्या तोंडाशी असतो. तिथे चांगलं फिल्टर-सायलेन्सर बसवलं तर फरक लगेच कळतो. फिल्टर धुळीने चोंदलं तर शिट्टी आणि दम लागल्यासारखा आवाज, दोन्ही येतात.

व्हॅक्यूम पंपाचं तेल कमी असेल तर तो टकटक करतो. तेलाच्या पंपाला गॅस बॅलास्ट नावाची एक चावी असते. वाफ काढायची असेल तेव्हाच ती उघडी हवी, कारण उघडी असताना पंप जास्त गुरगुरतो. कित्येक ठिकाणी ती पहिल्या दिवसापासून उघडीच असते.

यूपीएस, स्टॅबिलायझर आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून लोखंडी गाभा १०० हर्ट्झवर कंप पावतो. सैल झालेले स्क्रू आवळा, पत्र्याचं झाकण वाजत असेल तर त्याच्या कडेला रबराची पट्टी लावा, आणि ती पेटी ओट्यावरून काढून खाली ठेवा. व्होल्टेज फारच खाली असेल तर मोटरही घुं घुं करते आणि तापते. तो आवाज दाबायचा नसतो. तो वीजपुरवठ्याचा निरोप आहे.

लॅमिनार फ्लो, बायोसेफ्टी कॅबिनेट आणि फ्यूम हूड (पंख्याने हवा गाळणाऱ्या किंवा वाफ बाहेर ओढणाऱ्या पेट्या) यांना आवाजासाठी हात लावताना जपून. पंख्याचा वेग २० टक्के कमी केला तर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, हे खरं आहे आणि कूलर-एक्झॉस्टला ही युक्ती चालते. पण हूडच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने आत जायला हवी. आवाज नको म्हणून रेग्युलेटर खाली केला, तर विषारी वाफ तुमच्या नाकाशी येईल. तिथे प्री-फिल्टर धुवा, पंखा आणि डक्टमध्ये कॅनव्हासचा जोड आहे का ते बघा, पंखा गच्चीवर नेता येतो का विचारा. हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारं, फिल्टर भरलं असेल तर ते बदलून कॅबिनेट पुन्हा तपासून घ्या. बाकी काही करू नका.

पायरी ३: पायाखाली काय आहे ते बघा

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. रबर ठेवलं म्हणजे कंपन थांबलं, असं नसतं. रबर दबलं पाहिजे.

हिशेब असा. चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४. दोन पोलची २८८० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४८. मशीनच्या वजनाने खालची गादी जेवढी जास्त दबते, तेवढी ती सावकाश डुलणारी होते. ती मशीनच्या वेगाच्या एक तृतीयांश किंवा त्याहून सावकाश डुलली, तर कंपन ओट्यापर्यंत फार कमी पोचतं. १४४० च्या मशीनसाठी त्याचा अर्थ गादी साधारण ४ मिलिमीटर दबायला हवी, २८८० च्या मशीनसाठी १ मिलिमीटर. रबर प्रत्यक्ष कंपनात थोडं कडक वागतं, म्हणून यापेक्षा जरा जास्तच धरा.

आता प्रत्यक्षात लोक काय वापरतात? साखर कारखान्याच्या किंवा एमआयडीसीतल्या भंगारातून आणलेला कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. त्यात कापडाचे थर असतात. पन्नास किलोच्या कॉम्प्रेसरखाली तो केसभरही दबत नाही. टायरच्या तुकड्याचंही तेच. ते घसरू नये म्हणून ठीक आहे, कंपनासाठी नाही. आणि उलट टोकाला, गादीचा मऊ फोम खाली घातला तर तो आठ दिवसांत चपटा होऊन पुठ्ठ्यासारखा राहतो.

दुकानात 'अँटी व्हायब्रेशन माउंट' म्हणून मागा. प्रत्येक माउंटवर किंवा त्याच्या तक्त्यात किती किलोला किती मिलिमीटर दबतो हे दिलेलं असतं. मशीनचं वजन चार पायांवर वाटा. मोटर एका बाजूला असते, म्हणून चारही पायांवर सारखं वजन येत नाही. जड बाजूला वेगळा माउंट लागू शकतो. बसवल्यावर फूटपट्टीने मोजा: माउंटची मूळ उंची किती, मशीन ठेवल्यावर किती. काहीच फरक नसेल तर तो तुमच्या मशीनसाठी फार कडक आहे. हलक्या मशीनखाली जाड दगडी लादी ठेवून लादीखाली माउंट लावले तर वजन वाढतं आणि गादी नीट दबते. शहाबादी फरशीचा दोन इंची तुकडा यासाठी फार कामाचा.

माउंट बसवल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. मशीन आता डुलतंय, पण त्याला जोडलेला कडक जीआय पाइप भिंतीत गेलेला आहे. मग कंपन पायातून न जाता पाइपातून जाईल. शेवटचा हात-दीड हात लवचिक होज हवाच, आणि वायरलाही थोडा झोल ठेवा.

सेंट्रिफ्यूज मात्र या युक्तीतून वगळा. त्याला स्प्रिंग किंवा मऊ गादीवर ठेवायचं नाही. ते घट्ट, सपाट, न डुलणाऱ्या ओट्यावर स्वतःच्याच रबरी पायांवर उभं राहायला हवं. त्याचा ओटा वेगळा करता आला तर उत्तम. तराजूही त्या ओट्यावर नको. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर दगडी लादी, आणि तिच्यावर तराजू.

पायरी ४: बाहेर काढता येईल ते बाहेर काढा

कॉम्प्रेसर खोलीतच हवा असा काही नियम नाही. मागच्या बोळात, जिन्याखाली, गच्चीवर सावलीत ठेवा आणि होज आत आणा. मध्ये नऊ इंची विटेची भिंत आली की आवाजाचा प्रश्न जवळपास मिटतो. ऊन थेट पडणार नाही आणि पावसाचं पाणी उडणार नाही अशी जाळीदार शेड करून घ्या. टाकीतलं पाणी रोज सोडायचं काम आता नजरेआड जाईल, म्हणून कुणाकडे तरी ते नेमून द्या.

व्हॅक्यूम पंप बाहेर नेताना पाइप लांब होतो आणि ओढ कमी होते. तेव्हा पाइप जाड घ्या. पंपाचा एक्झॉस्ट मात्र खोलीत सोडू नका, पंप आत असो की बाहेर.

कूलर खिडकीच्या ग्रिलवर टांगलेला असेल तर ग्रिल, खिडकी आणि भिंत तिघेही वाजतात. त्याला जमिनीवरचं स्वतंत्र स्टँड द्या, आणि खिडकी व कूलरमधली फट स्पंजाच्या पट्टीने बुजवा. खरं सांगायचं तर चार दशांशाचा तराजू आणि ओल शोषणारी रसायनं असलेल्या खोलीत कूलर नकोच.

बाहेर ठेवलं म्हणजे आपलं सुटलं असंही नाही. आपल्या लॅब बऱ्याचदा वस्तीतच असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून कॉम्प्रेसर लावला तर तक्रार येणारच, आणि ती रास्तही असेल. लोडशेडिंगसाठी जनरेटर घेत असाल तर साउंडप्रूफ पेटीतलाच घ्या. त्यासाठी पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा ठरलेली आहे.

पायरी ५: पेटी करायची असेल तर आधी वाऱ्याचा हिशेब

बाहेर जागाच नसेल तर मशीनवर पेटी. हे काम सुताराकडून सहज होतं, पण सुतार ती कपाटासारखी बंद करून देतो आणि तिथे गडबड होते.

मोटर जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ५०० वॉट खाणारा पंप पेटीत ठेवला म्हणजे पेटीत अर्ध्या किलोवॉटचा हीटर ठेवला. पेटीतलं तापमान खोलीपेक्षा दहा अंशांहून वर जाऊ द्यायचं नसेल, तर तासाला सुमारे १५० घनमीटर हवा त्यातून फिरायला हवी. पंख्यांच्या भाषेत साधारण ९० सीएफएम (मिनिटाला घनफूट). खोलीत ४० अंश असतील तर पेटीत ५० होतील. मोटरच्या पुस्तिकेत तिला किती तापमान चालतं ते बघा. बहुतेक मोटरवर सभोवतालचं तापमान ४० अंश धरलेलं असतं. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात दहा अंशांची वाढही जड जाते. एकतर हवा दुप्पट फिरवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये दुपारी पेटीचं दार उघडं ठेवायची तयारी ठेवा. पंख्याच्या डब्यावर लिहिलेले सीएफएम मोकळ्या हवेतले असतात. वळणं आली की ते बरेच घटतात. म्हणून हिशेबापेक्षा मोठा पंखा घ्या आणि तो हळू चालवा. मोठा पंखा सावकाश फिरला तर आवाज कमी, हवा तेवढीच.

बांधणी अशी: बाहेरून १८ मिलिमीटरचा प्लायवूड, आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), त्यावर काचेचं कापड आणि वर भोकांचा पत्रा. प्लायवूड आवाज अडवतो, रॉकवूल तो शोषून घेतं. दोन्ही हवेत. नुसती प्लायवूडची पेटी आतून ढोलासारखी घुमते, आणि नुसतं रॉकवूल लावून काहीच अडत नाही. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट सरळ ठेवायची नाही. दोन काटकोनी वळणं द्या आणि त्या बोगद्यालाही आतून रॉकवूल लावा. हवा वळून जाते, आवाजाचा बराचसा भाग वळणावर मरतो. हवा खालून आत, वरून बाहेर.

फटी हा पेटीचा मोठा शत्रू. भिंत कितीही जाड असो, तिच्या एक टक्का भागात भोक असेल, तर एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. वायरच्या भोकात सीलंट भरा, दाराला गाडीच्या दारासारखं रबर लावा. पेटी मशीनला कुठेही टेकू देऊ नका. आत एक थर्मामीटर ठेवा आणि पहिल्या आठवड्यात दर तासाला बघा. तापमान ठराविक आकड्यावर गेलं की मोटर बंद करणारं थर्मोस्टॅट कट-ऑफ इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. ज्वलनशील द्रावणाची वाफ ओढणारा पंप मात्र पेटीत ठेवायचाच नाही.

सेंट्रिफ्यूजवर पेटी नको. चालू असताना त्याच्या चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवायची असते. रोटर तुटला तर काय होईल, हे धरून तो नियम केलेला आहे.

काचसामान धुवायच्या अल्ट्रासोनिक बाथला मात्र पेटी शोभते. तो साधारण ४० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे मूळ सूर माणसाला ऐकू येत नाही. कानाला टोचते ती पाण्यात बुडबुडे फुटण्याची सळसळ आणि खालचे उपसूर. हे वरचे सूर असल्यामुळे साध्या झाकणाने आणि फोम लावलेल्या खोक्यानेही खूप फरक पडतो. काचसामान तळाला टेकू देऊ नका, टोपलीत टांगा.

पायरी ६: आता खोली

इथपर्यंत येऊनही खोली घुमत असेल तर भिंती-छताकडे वळा. बारा बाय दहा, उंची दहा फूट अशा खोलीत सगळं टणक असेल, तर टाळी वाजवल्यावर आवाज विरायला पावणेदोन सेकंद लागू शकतात. छत आणि भिंतीचा वरचा भाग मिळून ७५ चौरस फूट चांगलं शोषक लावलं, तर हा वेळ अर्ध्या ते पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. मशीनचा आवाज खोलीत चार-साडेचार डेसिबलने कमी होतो. बोलणं स्पष्ट ऐकू येतं, हा मोठा फायदा. पण मशीनला खेटून बसलेल्याला फारसा फरक कळणार नाही, कारण त्याच्या कानात आवाज थेट येतो.

काय लावायचं? छताला मिनरल फायबरच्या टाइल्स, किंवा लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल भरून वर न जळणारं कापड ताणलेलं. पॅनल आणि स्लॅब यांच्यात दोन इंच पोकळी सोडली तर खालचे सूरही थोडे शोषले जातात. पीओपीचं फॉल्स सीलिंग दिसायला छान, आवाजाला जवळजवळ निरुपयोगी. अंड्यांचे ट्रे निरुपयोगी आणि वर आगीला आमंत्रण. ऑनलाइन मिळणारा पिरॅमिड फोम बर्नर आणि स्पिरिट असलेल्या खोलीत मी लावू देत नाही. गोधडी, घोंगडी, गोणपाट घरी ठीक; रक्ताचे नमुने हाताळता तिथे धूळ आणि जंतू धरणारं कापड चालत नाही. पॅनल डोक्याच्या वर, सिंकपासून लांब आणि पुसता येईल असं.

दार विसरू नका. दाराखाली बोटभर फट असेल तर ती दाराच्या जवळजवळ एक टक्का होते, म्हणजे वरच्याच हिशेबाने जाड सागवानी दारही वाया. खाली रबरी पट्टी लावा. फ्यूम हूडच्या खोलीत हवा आत यायला वाट लागते, तिथे ही फट बुजवायच्या आधी हूडवाल्याला विचारा.

कान आणि वेळापत्रक

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर पातळी ८५ डेसिबलच्या आसपास आहे असं समजा. ८५ ला आठ तास ही सुरक्षिततेची नेहमीची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. लहान लॅब सहसा तिथे पोचत नाही. पोचत असेल तर वरची कामं होईपर्यंत इअरमफ वापरा. कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही.

वेळापत्रकाने फुकटात बरंच साधतं. सेंट्रिफ्यूजच्या फेऱ्या नमुने जमवून लावा, शेकर आणि सोनिकेटर जेवणाच्या सुट्टीत. फोनवर रिपोर्ट सांगायची जागा शेजारच्या खोलीत.

नवीन मशीन घेताना कोटेशनमध्ये एक मीटरवरचा आवाज किती डेसिबल, हे लेखी मागा. विक्रेता 'एकदम सायलेंट' म्हणाला तर ते उत्तर नव्हे. तेच मॉडेल जवळपास कुणाकडे चालू आहे का विचारा आणि तिथे जाऊन पूर्ण भारावर चालताना ऐका. जाताना तोच फोन आणि तेच ॲप घेऊन जा.